बाबुराव बागूल वाचायचे आणि वामनदादा नुसते ऐकायचे, असे का?

गोदाकाठ (नाशिकरोड) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. नाशिकरोडला आमचा एक लहानसा वाचनगट आहे. प्रेसमधून निवृत्त झालेले काही जण, दोन शिक्षिका, एक बँक कर्मचारी आणि महाविद्यालयात शिकणारी काही मुले अशी त्याची घडण आहे. पावसाळ्यानंतरच्या बैठकांसाठी आम्ही हलाखी, ओळख आणि सामाजिक विषमता या गोष्टी पुस्तकांत आणि लोकप्रिय गाण्यांत कशा उमटतात, हा विषय घेतला. यादी करायला बसलो तेव्हा पहिली दोन नावे आमच्याच जिल्ह्यातली निघाली. कथाकार बाबुराव बागूल (१९३०–२००८) जन्माने विहितगावचे, म्हणजे आमच्या बैठकीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावरचे. आणि आंबेडकरी चळवळीची गाणी लिहिणारे, गाणारे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे.

बागुलांच्या नावाला कोणाचीच हरकत नव्हती. वामनदादांचे नाव निघताच मात्र गटात दोन तट पडले. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, लोकप्रिय गाणे चालीवर तरते, त्याचे शब्द कागदावर उतरवले की उघडे पडतात, आणि शिवाय ते एका चळवळीच्या प्रचाराचे साधन असल्यामुळे त्याला साहित्याचे निकष लावणे त्याच्यावरही अन्यायाचे होईल. त्यावर एका शिक्षिकेने विचारले की, ज्यांचे जगणे या पुस्तकांत आहे त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी ती पुस्तके आहेत, आणि किती जणांना ती गाणी पाठ आहेत? बैठक तिथेच संपली, कारण हॉलची वेळ संपली होती.

माझे दोन प्रश्न आहेत. विषमता मांडण्याची पुस्तकाची रीत आणि गाण्याची रीत यांत खरोखर काही मूलभूत फरक आहे का? आणि गटात गाणे चर्चेला घ्यायचेच ठरले, तर ते नेमके कसे घ्यावे?

निवृत्त ग्रंथपाल

आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेतो. गीतकाराला साहित्यिक मानायचे नाही, असा काही नियम मराठीत नाही. ज्यांची चित्रपटगीते घराघरांत पोहोचली ते ग. दि. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतेच. नाशिकचे पाहायचे तर २००५च्या इथल्या संमेलनाचे अध्यक्ष केशव मेश्राम होते, म्हणजे दलित लेखकालाही ती खुर्ची मिळाली. तेव्हा प्रश्न गाण्याचा नाही आणि नुसता जातीचाही नाही. कोणत्या मंचावर, कोणापुढे गायलेले गाणे, असा तो आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकमध्ये ९४वे अखिल भारतीय संमेलन आणि त्याला पर्याय म्हणून भरणारे विद्रोही साहित्य संमेलन ही दोन्ही एकाच सुमारास भरली. दोन्हीकडे जाऊन आलेल्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आता बागुलांविषयी. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३चा. दलित पँथर या संघटनेची स्थापना १९७२ची, नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' त्याच वर्षीचा, दया पवारांचे आत्मकथन 'बलुतं' १९७८चे आणि लक्ष्मण मानेंचे 'उपरा' १९८०चे, हे लक्षात घेतले म्हणजे बागूल किती आधी आले ते दिसते. त्यांच्यापुढे तयार वाट नव्हती. शीर्षककथेतला निवेदक गुजरातमध्ये रेल्वेत नोकरीला लागतो आणि आपली जात सांगत नाही. त्याचे वाचन, त्याची कविता पाहून एक सहकारी त्याला गुरुस्थानी मानू लागतो. त्याच ठिकाणी काशीनाथ नावाचा दुसरा कामगार आहे, जो जात लपवत नाही, रोज अपमान सोसतो आणि रोज त्याला तोंडही देतो. निवेदकाचे गुपित फुटते, लोक त्याला मारतात आणि त्या मारातून त्याला सोडवतो तो काशीनाथच.

या कथेत गरिबीचे वर्णन फार थोडे आहे, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. निवेदकाला पगार आहे, त्याच्याकडे विद्या आहे, लोक त्याला मानतात. त्याच्याकडे नाही ती एकच गोष्ट, आणि तिच्यापायी बाकीचे सगळे एका दिवसात शून्य होते. हलाखी आणि विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे लेखन मराठीत तेव्हा दुर्मीळ होते. सन्मान मिळत असतानाची निवेदकाची धास्ती, कोणी सहज काही विचारले तरी होणारी त्याची तगमग, हे गाण्यात कसे येणार? गाणे चारचौघांत म्हणायचे असते, आणि ही भीती चारचौघांत बोलता येत नाही म्हणूनच ती भीती आहे. त्यासाठी कथाच हवी.

जाता जाता एक सांगतो. बागुलांना आपण 'दलित जीवनाचे चित्रण करणारे' म्हणून वाचतो आणि कारागीर म्हणून वाचत नाही. दलित लेखकाने साक्ष द्यावी आणि शिल्प इतरांनी घडवावे, अशी अपेक्षा आपल्या वाचकांत मुरलेली आहे. आत्मकथनांची लाट आली तेव्हा ती आणखी घट्ट झाली. बागुलांनी मात्र कथा आणि कादंबरी हाती धरली, यावर आपल्या गटाने जरूर विचार करावा.

ढोलकी, सातपूर

ग्रंथपाल सरांचे बागुलांविषयीचे विवेचन मला पूर्ण पटले. गाण्याविषयी मात्र थोडे आतले सांगावेसे वाटते, कारण आमच्या घरात गायन पार्टी होती आणि मी लहानपणापासून ढोलकीच्या शेजारी बसलेलो आहे.

आपल्या सदस्यांनी म्हटले की, शब्द कागदावर ठेवले की उघडे पडतात. १३ ऑक्टोबरला येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली त्या मुक्तिभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरला जावे. तिथे पदपथावर पातळ पुस्तिका विकायला असतात. कागद हलका, मुखपृष्ठावर बाबासाहेब, आत दाटीवाटीने गाणी, आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून एखाद्या चित्रपटगीताचे किंवा जुन्या लोकगीताचे नाव. ही 'चाल' पाहून शिकलेली माणसे हसतात आणि उसनवारी म्हणतात. वास्तविक ज्याच्याकडे संगीतकार नाही, ध्वनिमुद्रणाची सोय नाही आणि ज्याच्या श्रोत्याला स्वरलिपी येत नाही, त्याने आपले गाणे गावोगावी पोहोचवायचे कसे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. चाल सगळ्यांच्या कानात आधीच असते. पुस्तिका घेऊन माणूस गावी गेला की त्या रात्रीच वस्तीत गाणे सुरू होऊ शकते. वामनदादांचे पहिले गीतही १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीतावरूनच झाले होते.

दुसरी गोष्ट गाण्याच्या बांधणीची. समाजमंदिरासमोर कार्यक्रम चालू असतो. लोक येत असतात, उठत असतात, लेकरे रडत असतात. मध्येच कोणी मंचावर येऊन बक्षीस देतो, गायक थांबतो, देणाऱ्याचे आणि त्याच्या वस्तीचे नाव पुकारतो, कोरस ध्रुपद घोळवत राहतो, आणि मग गायक पुढचा अंतरा उचलतो. अशा ठिकाणी तीन कडव्यांत हळूहळू उलगडणारा विचार टिकतच नाही. म्हणून प्रत्येक अंतरा स्वतःपुरता पूर्ण असावा लागतो, उशिरा आलेल्यालाही तो कळावा लागतो, आणि ध्रुपद इतके पक्के असावे लागते की मधल्या व्यत्ययातून परत येताना त्यालाच धरता यावे. कागदावर जी पुनरुक्ती वाटते ती या व्यवहारातून आलेली आहे. वामनदादा या बांधणीचे उस्ताद होते. बिर्ला, बाटा, टाटा अशी नावे घेऊन धनाचा साठा कुठे आहे आणि त्यात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारणारे त्यांचे गाणे पाहा. आर्थिक विषमतेवरचे अख्खे व्याख्यान त्यांनी एका सवालात बसवले आहे, आणि तो सवाल श्रोत्यांनीच मोठ्याने विचारायचा आहे.

यातून मूळ फरकाकडे येतो. पुस्तक बहुधा परक्या वाचकाला समजावून सांगत असते. पालावरचे जगणे, मेलेल्या ढोराचे मांस, पाणवठ्यावरचा विटाळ, हे सगळे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ते वर्णन असते. आमच्या श्रोत्याला यातले काही सांगावे लागत नाही. त्यामुळे वामनदादांच्या गाण्यात दुःखाचे वर्णन फारसे नसते. पुढे काय करायचे, कोणाला जाब विचारायचा, आपल्यातलाच कोण चुकतो आहे, हे असते. आपल्याच माणसांना इतके कडक बोलणारे साहित्य पुस्तकांत क्वचित सापडेल, कारण परक्यादेखत आपल्या माणसाला कोणी बोलत नाही.

आपल्या जिल्ह्याला याची परंपराही आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक जलसे घेऊन फिरत होते. तमाशाचा घाट तोच, ढोलकी तीच, पण आशय शिक्षणाचा, स्वच्छतेचा, मृत जनावराचे मांस सोडण्याचा आणि हक्कांचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात चळवळीचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा. वामनदादांना स्वतःलाही तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत कोणीतरी पत्र वाचून मागितले, ते वाचता आले नाही, आणि ती बोच लागून ते लिहायला-वाचायला शिकले. असा माणूस गाण्यातून शिक्षणाविषयी बोलतो तेव्हा तो प्रचार म्हणून बाजूला सारता येत नाही.

रोकठोक

ढोलकीभाऊ, आपण रंगवलेले चित्र मनोहर आहे, पण ते कालचे आहे. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे वामनदादांचा एक शब्द तरी ऐकू येतो का? छातीत धडधड होते तेवढीच.

लोकप्रियता आशय जपते, हे मला मान्य नाही. २०१६ चा 'सैराट' आठवा. जातीबाहेरच्या प्रेमाचा शेवट कसा होतो हे त्या चित्रपटाने डोळ्यांत अंजन घालून दाखवले, आणि त्याच चित्रपटातल्या गाण्यावर महाराष्ट्रातल्या सगळ्या जातींच्या वराती आपापल्या जातीतल्या लग्नांत नाचल्या. गाणे लोकांनी घेतले आणि कथा चित्रपटगृहातच सोडून दिली. पुस्तकाचे असे होत नाही. पुस्तक कमी लोक वाचतात, पण जो वाचतो त्याला निदान शेवटचे पान टाळून नाचता येत नाही.

हल्लीच्या रॅपबद्दलही माझे मत फार वेगळे नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' गटासारखे काही जण आरेच्या जंगलातल्या वारलींविषयी मनापासून गातात, पण बाकी बराचसा माल वस्तीतल्या दारिद्र्याची ऐट मिरवणारा आहे.

जातं

रोकठोक यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. पण पुस्तकाचेही शेवटचे पान सहज टाळता येते. आत्मकथन वाचून हळहळायचे आणि दुसऱ्या दिवशी घरकामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवायचा, अशी वाचक मंडळी मी कॉलेज रोडवर पाहिलेली आहेत.

मला या चर्चेत जाणवणारी उणीव वेगळी आहे. आतापर्यंत पुस्तक म्हणजे बागूल, गाणे म्हणजे वामनदादा, मंच म्हणजे समाजमंदिर. सगळे पुरुष आणि सगळे चव्हाट्यावरचे. गाणे चारचौघांत म्हणायचे असते, असे ग्रंथपाल सर म्हणतात. ओवी कुठे चारचौघांत म्हटली जात होती? पहाटे, घरातले झोपलेले असताना, जात्यापुढे एक किंवा दोन बायका बसलेल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याची मारझोड, मुलीच्या जन्माचे ओझे, हे सगळे त्या दळणात मिसळलेले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, सीता आहे, भाऊराया आहे आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. सभेला जाण्याची मुभा नसलेल्या बाईने चळवळ जात्यावर आणून ठेवली. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. कष्ट वाचले हे चांगलेच झाले, पण बोलण्याची ती एक हक्काची वेळही त्याबरोबर गेली.

ढोलकीभाऊंच्या फरकाला या ओव्यांमुळे छेद जातो. पुस्तक परक्यासाठी आणि गाणे आपल्या माणसांसाठी, हे खरे मानले तर ओवी कोणासाठी? ऐकायला जाते आणि फार तर समोरची जाऊ. ज्यांच्याविषयी तक्रार आहे ती आपलीच माणसे भिंतीपलीकडे झोपलेली.

पुस्तकाचेही तसेच आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मकथन लिहिले ते घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून. वह्या अडगळीत दडवून ठेवाव्या लागत. त्यांना मंच नव्हता आणि मेजही नव्हते. त्या पुस्तकात गावकुसाबाहेरची उपासमार आहे आणि त्याच उपाशी घरातल्या सुनेची वेगळी उपासमारही आहे. विषमतेच्या आतली ही विषमता ढोलकीच्या मंचावर कितीदा आली? आपल्यातल्या माणसाला आपण कडक बोलतो, असे भाऊ म्हणतात. दारू आणि अंधश्रद्धा यांविषयी बोलले जात असेलही, पण बायकोच्या पाठीवरच्या वळांविषयी?

आणखी एक पुरावा फार जुना आहे. चोखामेळ्याच्या घरातल्या सोयराबाईंचे अभंग पाहा. शेवटी नाममुद्रा येते तिथे अनेक अभंगांत त्या स्वतःला चोखियाची महारी म्हणवतात. नवरा आणि जात, या दोन्ही ओळखी तिथे सहीसारख्या आहेत. इतके असूनही अभंगाच्या आत त्या देहाच्या विटाळाविषयी थेट देवाशी वाद घालतात.

आपल्या गटाला एक सुचवते. नारायण सुर्वे यांचे 'डोंगरी शेत माझं गं' घ्यावे. सुर्वे कवी म्हणून मान्यताप्राप्त, १९९५ मध्ये परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष. पण हे गाणे राबणाऱ्या बाईच्या तोंडचे आहे, आणि मोर्चांत, शिबिरांत ते म्हणणाऱ्या कित्येक बायकांना ते कोणी लिहिले याची कल्पनाही नसते. पुस्तक आणि गाणे यांच्यामधली भिंत त्या ठिकाणी कोणालाच आठवत नाही.

ढोलकी, सातपूर

जातंताई, आपला प्रश्न रास्त आहे. आमच्या पार्टीत बायका कोरसला असत. गाणी लिहिणारे सगळे बाप्ये. रमाईवर गाणी पुष्कळ आहेत आणि ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांना पाणी येते, पण त्यांत रमाई सोसते, बोलत नाही. याहून अधिक बचाव माझ्याकडे नाही. रोकठोक यांना मात्र एवढेच सांगतो की, डीजेच्या भिंतीपुढे ऐकू येत नाही म्हणून वामनदादांना पुस्तिकेतून वाचायला हवे, आणि मूळ प्रश्नही तोच आहे.

सुरगाण्याचा

मी शिक्षणासाठी नाशिकला राहतो. आमच्याकडची एक गोष्ट थोडक्यात मांडतो. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण इकडून माणसे निघून नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी गेली. वनजमिनीचा हक्क ही त्यातली आम्हा आदिवासींची मुख्य मागणी होती. वर्तमानपत्रांनी रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे छापली. वाटेत, मुक्कामाला रात्री गाणी आणि नाच होत, ते फारसे कोणी टिपले नाही. ती गाणी आमच्या बोलीत होती, काही त्याच दिवशी जुळवलेली, दुसऱ्या दिवशी बदललेली.

ग्रंथपाल सर पुस्तकाविषयी बोलतात, ढोलकीभाऊ पुस्तिकेविषयी. आमच्याकडे यांतले दुसरेही नाही. नाशिकच्या वाचनगटाने प्रमाण मराठीत छापलेल्या गोष्टींचीच यादी केली तर जिल्ह्याचा पश्चिम भाग तिच्याबाहेर राहील. तक्रार म्हणून म्हणत नाही. बैठक कधी आहे ते कळवल्यास मी येईन आणि आईकडून काही गाणी ध्वनिमुद्रित करून आणीन. अर्थ मात्र मला तिथे बसून सांगावा लागेल.

गोदाकाठ (नाशिकरोड)

सर्वांचे आभार. ज्येष्ठ सदस्यांना हा सगळा धागा छापून दिला. माडगूळकरांचा दाखला त्यांनी निमूट मान्य केला, 'सैराट'वरच्या मतावर मात्र ते रोकठोक यांच्याशी पूर्ण सहमत आहेत.

सध्या असे ठरत आहे. पहिल्या बैठकीला बागुलांची शीर्षककथा आणि वामनदादांचे वाट्याचा सवाल विचारणारे गाणे एकत्र घ्यायचे. कथा आधी घरी वाचून यायची. गाणे मात्र आधी कागदावर वाचायचे नाही. प्रथम ऐकायचे, मग पुस्तिकेतला पाठ समोर ठेवायचा. दुसऱ्या बैठकीला 'जिणं आमुचं'मधले एक प्रकरण आणि निवडक ओव्या. सुरगाण्याच्या मित्रांची बैठक स्वतंत्र ठेवावी, असे मला वाटते, कारण ती इतरांच्या शेपटाला जोडली तर घाईत उरकली जाईल.

ढोलकीभाऊ, एक विनंती आहे. गाणे मोबाइलवर लावण्यापेक्षा आपल्यापैकी कोणी येऊन गाऊ शकेल का? हॉल लहान आहे, ध्वनिक्षेपक नाही, आणि बिदागी आमच्या ऐपतीप्रमाणे असेल.

ढोलकी, सातपूर

बिदागीचे नंतर पाहू. पेटीवाले आमचे काका आता ऐंशीच्या घरात आहेत आणि जिना चढवत नाही, त्यामुळे हॉल कितव्या मजल्यावर आहे तेवढे कळवा. आणि कोरसला निदान चार जण लागतील, ते आपल्या गटातूनच उभे करा. ज्येष्ठ सदस्य त्यांत असले तर उत्तम.